स्टिअरिंग बदलण्याआधी पॉलिसी काढून वाचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

इंदुरात गाडीचे सामान विकणाऱ्या दुकानांत स्टिअरिंग आता सीट-कव्हरच्या रांगेत जाऊन बसले आहे. खाली चपटे, लाल दोऱ्याने शिवलेले, बटणांचे, कार्बनच्या नक्षीचे. ग्राहकाने बोट दाखवायचे आणि थोड्या वेळात ते गाडीत बसलेले असते. दुसरीकडे, अपघातात एअरबॅग फुटलेल्या गाड्या दुरुस्त होऊन रस्त्यावर येतात आणि त्यांतल्या काहींच्या स्टिअरिंगच्या मधोमध नुसते प्लास्टिकचे झाकण असते, आत काही नसते. गाडीमालक पहिल्या प्रकाराला हौस म्हणतात, दुसऱ्याला काटकसर. कायदा आणि विमा यांचा हिशेब वेगळा आहे, आणि तो मालकाला कळतो तेव्हा बहुधा क्लेमचा कागद नामंजूर होऊन परत आलेला असतो. म्हणून हे पत्र.

अलीकडच्या गाडीचे स्टिअरिंग हे नुसते चाक राहिलेले नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी कारना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या प्रवाशासाठीची बॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून आणि आधीच विक्रीत असलेल्या मॉडेलांना २०२१ च्या अखेरीपासून लागू झाली. चालकाची बॅग असते हॉर्नच्या झाकणामागे. घडी घातलेली पिशवी, तिच्यामागे धातूची डबी, डबीत घन इंधन आणि ते पेटवणारा विजेवर चालणारा छोटा भाग. डबीला इन्फ्लेटर म्हणतात, पेटवणाऱ्या भागाला स्क्विब. टक्कर झाली की कंट्रोल युनिट स्क्विबला करंट सोडते आणि साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगते. फिरत्या चाकापर्यंत हा करंट नेते क्लॉक स्प्रिंग. ही पट्टीसारखी सपाट केबल घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेली असते. हॉर्न, ऑडिओची बटणे, क्रूझ कंट्रोल यांच्या ताराही तिच्यातूनच जातात.

स्टिअरिंगचे चाक बदलताना बिघाड होतो तो बहुतेक वेळा इथेच. क्लॉक स्प्रिंग दोन्ही बाजूंना मोजकेच फेरे फिरते. पुढची चाके सरळ ठेवून, तिच्यावरची खूण जुळवून, ती बरोबर मध्यावर बसवावी लागते. चाक उतरवल्यावर ती हाताने फिरली आणि तशीच बसवली, तर एका बाजूला पूर्ण वळवताना केबल ताणली जाते. कधी त्याच दिवशी तुटते, कधी महिन्याभराने. आधी हॉर्न जातो किंवा बटणे मरतात, मग डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. तोवर मालक स्टिअरिंग बदलल्याचे विसरलेला असतो आणि हॉर्न दुरुस्त करायला भलत्याच ठिकाणी जातो. ज्या गाड्यांत ईएसपी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, आहे त्यांत चाकाचा कोन मोजणारा सेन्सरही तिथेच असतो. चाक एक दाता जरी इकडेतिकडे बसले तरी गाडी सरळ चालत असताना सेन्सरला ती वळते आहे असे वाटते. म्हणून उतरवण्याआधी शाफ्टवर आणि चाकावर खूण करायची, मधला नट कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे, शक्यतो नवा, टॉर्क पान्यानेच आवळायचा आणि शेवटी स्कॅनर लावून कोन पुन्हा शून्यावर आणायचा. घाईच्या कामात यातले काहीच होत नाही.

बाहेरच्या कंपनीचे स्पोर्ट्स स्टिअरिंग गाडीच्या शाफ्टवर थेट बसत नाही. मध्ये जोडतुकडा लागतो, त्याला बाजारात बॉस किट म्हणतात. त्याने चाक काही सेंटिमीटर छातीकडे सरकते. छातीचे हाड आणि चाकाचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे असा सुरक्षेचा साधा दंडक आहे. बुटक्या माणसाचे हे अंतर आधीच जेमतेम असते. शिवाय बॉस किट लावले की बॅगला जागाच उरत नाही, म्हणजे ती काढलेलीच असते.

बॅग काढली की दिवा पेटतो. तो विझवायला काय करतात ते मुद्दाम सांगतो, कारण खरी फसवणूक इथे आहे. स्क्विबचा रोध साधारण २ ते ३ ओहम असतो आणि गाडी चालू केल्यावर कंट्रोल युनिट तोच तपासते. पिवळ्या कनेक्टरमध्ये तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर खोचला की युनिटला बॅग जागेवर आहे असे वाटते आणि दिवा विझतो. काही रुपयांचा तुकडा. काही जण तर दिव्याची तारच दुसऱ्या दिव्याला जोडतात. गाडी 'ठीक' दाखवते, चालक निर्धास्त होतो. आणखी एक बाब फारशी कुणी बोलत नाही. आजकालचा सीटबेल्ट बॅगवर विसंबून बनवलेला असतो. जोराच्या टकरीत तो ठरावीक ताणानंतर मुद्दाम थोडा सैल होतो, म्हणजे बरगड्या मोडू नयेत, आणि पुढे झेपावणारी छाती बॅगेने झेलावी. बॅगच नसेल तर बेल्ट सैल व्हायचा तेवढा होतोच आणि चेहरा सरळ चाकावर जातो. शिवाय यंत्रणेत दोष नोंदला गेला असेल तर काही गाड्यांत बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनरही काम करत नाहीत. 'बॅग नाही, पण बेल्ट लावतो ना' हे समाधान म्हणून फार तोकडे आहे.

साध्या मॉडेलच्या गाडीला त्याच गाडीच्या टॉप मॉडेलचे बटणांचे स्टिअरिंग लावणे हा मधला प्रकार. हा नियमात बसवता येतो, पण 'तीच कंपनी, तीच गाडी' एवढ्यावर जाऊ नये. दोन मॉडेलांच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये तारांची संख्या वेगळी असू शकते. बॅग एका टप्प्याची की दोन टप्प्यांची हेही वेगळे असू शकते, आणि कनेक्टर जबरदस्तीने बसला म्हणजे जुळला असे नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून पार्ट नंबर लेखी घ्यावा. ते 'होत नाही' म्हणाले तर तो विषय तिथेच सोडावा.

कबाडातून आणलेली बॅग हा वेगळाच धोका आहे. जपानच्या टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होते. वर्षानुवर्षांच्या दमट हवेने आणि उष्णतेच्या चढउताराने ते बिघडले, आणि फुगताना डबीच फुटून धातूचे तुकडे लोकांच्या अंगात गेले. जगभर कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले, भारतातल्या गाड्याही त्यांत होत्या. आता मेख अशी की रिकॉल शोधला जातो गाडीच्या चासी क्रमांकावरून. दुसऱ्या गाडीतून काढलेले स्टिअरिंग तुमच्या गाडीत बसले की तुमचा चासी क्रमांक टाकून कितीही वेळा पाहा, त्या इन्फ्लेटरचा रिकॉल दिसणार नाही. नकली मालाचेही तसेच. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने जुलै २०२४ मध्ये स्वस्त बदली इन्फ्लेटरबद्दल इशारा दिला, तेव्हा आधीच्या ९ महिन्यांत ३ माणसे दगावली होती आणि २ कायमची विद्रूप झाली होती. त्या सगळ्या गाड्यांना पूर्वी अपघात झालेला होता आणि दुरुस्तीत बॅग बदललेली होती.

आता कायदा. दुकानदाराचे ठरलेले वाक्य असते, 'आरसीवर स्टिअरिंग लिहिलेले नसते, काही होत नाही.' आरसीवर नसते हे खरे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ म्हणते की नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. बदल म्हणजे गाडीचे मूळ वैशिष्ट्य पालटणारा रचनेतला बदल, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका आरटीओच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे लावले. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. निव्वळ चाक बदलणे त्यात येते का, यावर वकील वाद घालू शकतील. कंपनीचाच, त्याच नंबरचा भाग बसवणे ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे, याबद्दल आम्हांला शंका नाही. पण जी गाडी एअरबॅगसह मंजूर झाली तिच्यातून बॅग काढणे म्हणजे मंजुरीचा पायाच काढणे. ते 'सजावट' म्हणून खपणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दंडही पाहावा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बाहेरचे भाग बसवणेही त्यात शब्दशः धरले आहे. असा बदल विक्रेत्याने केला तर दर गाडीमागे १ लाख रुपये दंड किंवा १ वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम १९० वेगळे आहे. गाडीत दोष आहे हे ठाऊक असून, किंवा साध्या काळजीने कळले असते अशा स्थितीत, ती रस्त्यावर आणली तर दंड होतो, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन इजा झाली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'साध्या काळजीने कळले असते' हे शब्द ध्यानात ठेवावेत. पेटलेला एअरबॅगचा दिवा म्हणजे कळलेला दोष.

विम्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. एका टोकाला 'काही फरक पडत नाही' म्हणणारे, दुसऱ्या टोकाला 'सगळी पॉलिसी गेली' म्हणून घाबरवणारे. दोघेही चूक.

आपल्या गाडीने दुसऱ्याला धडक बसली तर त्याची भरपाई विमा कंपनीला द्यावीच लागते. तिसऱ्या पक्षाच्या दाव्यात कंपनीने कोणते बचाव घ्यावेत हे कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजून दिले आहे आणि बदललेले स्टिअरिंग त्या यादीत नाही. त्या बाजूने घाबरण्याचे कारण नाही.

पण चाकामागे बसलेला मालक स्वतः तिसरा पक्ष नसतो. त्याच्यासाठी असते १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण. ते मिळते मृत्यू झाल्यास, आणि दोन अवयव किंवा दोन्ही डोळे किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर पूर्ण, एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मे. दवाखान्याचा खर्च त्यात नाही. तुटलेले नाक, पडलेले दात, फाटलेला जबडा, मोडलेल्या बरगड्या यांना त्या पॉलिसीत एक रुपया नाही. एअरबॅग ज्या इजा वाचवते नेमक्या त्याच इजा मालकाच्या या संरक्षणाबाहेर आहेत. आरोग्य विमा असेल तर तेवढाच आधार.

उरले गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे, म्हणजे ओन डॅमेजचे. पॉलिसीत एक अट असते की मालकाने गाडी सुस्थितीत राखण्याची वाजवी काळजी घ्यावी. बॅग काढलेली, रेझिस्टर लावलेला असे सर्व्हेअरला दिसले तर नुकसान तपासायला आलेला तो माणूस अटभंगाची नोंद करणार. त्यातून पुढे काय होते, ते नुकसानीच्या कारणावर ठरते. नव्या चाकाचा जोडतुकडा निसटून गाडी दुभाजकावर गेली, तर कारण आणि बदल यांचा सरळ संबंध आहे आणि क्लेम वाचवणे अवघड. पण सिग्नलला उभ्या गाडीला मागून ट्रकने ठोकले आणि कंपनीने स्टिअरिंगचे कारण काढून डिकीचा क्लेम नाकारला, तर गप्प बसू नये. नॅशनल इन्शुरन्सच्या २००८ च्या आणि ओरिएंटल इन्शुरन्सच्या २०१० च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने, अटभंग झाला तरी कंपनीने क्लेम सरसकट फेटाळू नये आणि 'नॉन-स्टँडर्ड', म्हणजे अटी पूर्ण न पाळलेला, धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, अशी भूमिका घेतली आहे. ते खटले खासगी गाडी भाड्याने वापरल्याचे होते, पण तत्त्व मांडता येते.

बाहेरून लावलेल्या महागड्या बटणांच्या स्टिअरिंगची किंमत भरपाईत हवी असेल तर ते पॉलिसीत आधी जाहीर करून घ्यावे लागते. कंपनीने न दिलेल्या विजेच्या सामानासाठी आयएमटी २४ हे कलम आहे, जुन्या टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के हप्ता. जाहीर न केलेल्या वस्तूचे पैसे मागू नयेत. आणि अपघात नसताना निव्वळ विजेच्या बिघाडाने क्लॉक स्प्रिंग जळाली तर तो 'ब्रेकडाउन' ठरतो, जो मूळ पॉलिसीत वगळलेलाच असतो.

एअरबॅग फुटल्यानंतर काटकसरीचा मोह का होतो, तेही आकड्यांत पाहू. पॉलिसीत रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्याच ओळीत एअरबॅग आहे आणि या सगळ्यांवर ५० टक्के घसारा कापला जातो, गाडी कालच घेतलेली असली तरी. समजा बॅगचे मॉड्यूल २०,००० रुपयांचे, तर १०,००० मालकाच्या खिशातून. कंट्रोल युनिटवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लागतो. गाडी चौथ्या वर्षात असेल तर २५ टक्के, म्हणजे २४,००० च्या युनिटवर ६,००० गेले. क्लॉक स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंचे प्रीटेन्शनर बेल्ट आहेतच, आणि शेजारच्या प्रवाशाची बॅग डॅशबोर्ड फाडून वर येते म्हणजे अख्खा डॅशबोर्डही. त्यावर १५०० सीसीपर्यंत १,००० आणि पुढे २,००० रुपयांची सक्तीची कपात. एकूण खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस. जुन्या छोट्या गाडीत बॅगांचाच खर्च तिला त्या रेषेजवळ नेतो. मग गॅरेज सुचवते, 'बॅग राहू द्या, बाकी करून देतो.' यातला सरळ उपाय एकच आहे. झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे घसारा न कापण्याचे, जोडकलम नूतनीकरणाच्या वेळीच घ्यायचे, अपघातानंतर ते मिळत नाही.

याहून वाईट म्हणजे बिलात नव्या बॅगेचे पैसे लावून क्लेम घ्यायचा आणि गाडीत झाकण बसवायचे. गाडीमालक यात कधी सामील असतो, कधी फसलेला. दोन्ही वेळी सही त्याचीच असते. ५०,००० रुपये आणि वरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो आणि दुरुस्तीनंतर फेरतपासणी होऊ शकते. त्या फेरतपासणीचा आग्रह मालकाने स्वतः धरावा. फुटलेली बॅग, जुने युनिट, कापलेले बेल्ट तोवर गॅरेजमध्येच ठेवायला सांगावेत. नवीन भागाच्या खोक्यावरचा स्टिकर आणि मॉड्यूलच्या पाठीवरचा बारकोड यांचा फोटो बसवण्याआधी काढून घ्यावा. बिलावर पार्ट नंबर आणि एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, पाहावा. स्टिअरिंग व्हील ८७०८ ९४ खाली येते, इन्फ्लेटरसह एअरबॅग ८७०८ ९५ खाली. 'स्टिअरिंग असेंब्ली, १ नग' एवढेच लिहिलेले बिल उद्या कुठेच उपयोगी पडत नाही.

उत्पादकावरचा हक्कही याच कागदांवर उभा असतो. क्रेटा गाडीच्या बॅगा अपघातात उघडल्या नाहीत म्हणून ह्युंदाईविरुद्ध झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकाची भरपाई कायम ठेवली. टकरीचा वेग आणि जोर यांचे भौतिकशास्त्र ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असेही सांगितले. मोठा निकाल आहे. पण चाक, बॅग किंवा तारा बाहेर बदललेल्या असतील तर उत्पादकाचे पहिले उत्तर तेच असेल, आणि ते खोडायला मालकाकडे काही नसेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८७ मध्ये तर हानीच्या वेळी वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा चालत नाही, असे थेट लिहिले आहे. उलट ज्या विक्रेत्याने स्वतः बदल करून दिला आणि त्या बदलाने हानी झाली, तो कलम ८६ खाली जबाबदार ठरतो. सामानाच्या दुकानदारांनी हे वाचावे.

ज्यांना चाक खरोखर बदलायचेच आहे, चामडे उलले आहे किंवा रिम वाकली आहे, त्यांनी काम असे करून घ्यावे. आधी विमा कंपनीला ईमेलने कळवावे आणि उत्तर जपून ठेवावे. गाडीची बॅटरी काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे. तो मॉडेलप्रमाणे बदलतो, बहुधा काही मिनिटांचा असतो. युनिटमध्ये साठलेला करंट उतरायला तो लागतो. काढलेले मॉड्यूल झाकण वर करून, एकटे, उन्हापासून दूर ठेवावे. उलटे ठेवले आणि पेटले तर ते मॉड्यूलच गोळ्यासारखे उडते. स्क्विबवर मल्टीमीटर लावायचा नाही, मीटरचा करंटही ती पेटवू शकतो. जुनेच चाक नव्या चामड्याने शिवून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्धोक मार्ग. मात्र मधल्या झाकणावर चामडे, चमकीचे खडे, धातूचा लोगो यांपैकी काहीही चिकटवू नये. बॅग उघडते तेव्हा ते सुटून थेट डोळ्यात जाते.

अपंगत्वामुळे स्टिअरिंगमध्ये बदल लागणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांनी आरटीओची परवानगी घेऊनच तो करावा आणि आरसीवर व पॉलिसीत नोंदवून घ्यावा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी पाच मिनिटांची तपासणी. चावी 'ऑन' करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर तो काढलेला आहे. बॅटरीच्या किंवा ऑइलच्या दिव्याबरोबर अगदी एकाच क्षणी विझत असेल तर तार जोडलेली असण्याची शक्यता आहे. मधल्या झाकणाचा रंग, पोत आणि कडेची फट बाकी डॅशबोर्डशी जुळते का पाहा, 'एअरबॅग' ही अक्षरे उठावाची आहेत की चिकटवलेली तेही. मग एअरबॅगच्या युनिटचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. इंजिनचे कोड दाखवणारे स्वस्त यंत्र हे काम करत नाही. रेझिस्टर स्कॅनरलाही फसवतो, म्हणून शंका आली तर मॉड्यूल उतरवून पाठीवरचा शिक्का पाहणे हाच शेवटचा पुरावा. हे काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे. विक्रेता नकार देत असेल तर गाडी सोडून द्यावी. बॅगा मूळच्या आणि चालू स्थितीत आहेत, हे वाक्य विक्रीच्या करारात त्याच्या सहीने लिहून घ्यावे.

क्लेम अडकलाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटले नाही तर आपल्यासाठी विमा लोकपालाचे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणे घेतली जातात, मात्र कंपनीच्या नकारानंतर १ वर्षाच्या आत जावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगासाठी मुदत २ वर्षे.

शेवटी संबंधितांकडे तीन मागण्या. नायता मुंडल्याच्या आरटीओत फिटनेस किंवा हस्तांतरासाठी गाडी तपासली जाते तेव्हा एअरबॅगचा दिवा पेटून विझतो का, हे पाहून कागदावर लिहावे. दहा सेकंदांचे काम आहे. विमा कंपन्यांनी खंडित पॉलिसी पुन्हा सुरू करताना गाडीचा जो व्हिडिओ मागतात, त्यात हा दिवा आणि स्टिअरिंगचे मधले झाकण सक्तीने घ्यावे, म्हणजे पुढे वाद उरणार नाही आणि प्रामाणिक मालकाचेच संरक्षण होईल. तिसरी मागणी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे. २०२३ मध्ये सीटबेल्टची घंटा बंद करणाऱ्या क्लिपा पाच ऑनलाइन बाजारपेठांवरून हटवल्या गेल्या, १३,११८ जाहिराती उतरल्या. एअरबॅगचा दिवा फसवणारे रेझिस्टर आणि रिकामी झाकणे यांनाही तोच न्याय लावावा. पीथमपूरला नॅट्रॅक्ससारखी वाहन-चाचणी संस्था आपल्या दाराशी आहे. तिच्या मदतीने इंदूर-देवासच्या मिस्त्र्यांसाठी एअरबॅग हाताळणीचे एक दिवसाचे शिबिर भरवले तर बॅटरी न काढता पिवळा कनेक्टर ओढणारे हात तरी थांबतील.

आपले,
वाहन विमा सर्वेक्षण आणि गाडी दुरुस्तीच्या क्षेत्रातील दोन वाचक,
इंदूर